काय खाऊन आलासा?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत कामाला लागायचं तर आयटीआयचा दाखला लागायचा, डॉक्टरचा दाखला लागायचा, आणि रोज सकाळी गेटातून आत जायचं तर आपण काय खाऊन आलो हे सांगावं लागायचं. पहिल्या दोन गोष्टी एकदाच लागत. तिसरीतून कोणाचीच सुटका नव्हती.

हा नियम कंपनीचा नव्हता. तो आमच्या टाइमकीपरचा, आण्णाप्पा हुक्केरी यांचा होता. गेटच्या आत डाव्या हाताला टाइम ऑफिसची खिडकी आणि खिडकीत आण्णा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून बसलेले. त्यांच्यामागं भिंतीवरच्या खाचांत सगळ्यांची पिवळी हजेरी कार्डं. माणूस खिडकीशी आला की आण्णा त्याचं कार्ड उचलत, पण देत नसत. दोन बोटांत उंच धरून चष्म्यावरून बघत आणि विचारत, "काय खाऊन आलास?" उत्तर पटलं की कार्ड हातात मिळायचं. मग ते शेजारच्या घड्याळात घालून खट्‌कन वेळ छापायची आणि कामाला जायचं.

मी अठ्ठ्याण्णव साली तिथं पर्सोनेल ऑफिसात लागलो. राजारामपुरीच्या सहाव्या गल्लीतला मुलगा, समाजकार्याची पदवी ताजी, गळ्यात टाय. पहिल्याच सकाळी खिडकीत अडकलो.

"काय खाऊन आलासा सायेब?"

"नाष्टा झालाय."

"त्यो झालाच असनार. त्येला नाव न्हाय व्हय?"

"पोहे."

"कांदं का बटाटं?"

माझ्यामागं सगळी पहिली पाळी उभी होती आणि कान टवकारून ऐकत होती. मी वैतागलो. "बटाटे! आणि ते जरा कच्चे राहिले होते. झालं समाधान?"

आण्णांचा चेहरा एकदम फुलला. "हां, आता कसं! जावा." आणि माझं कोरं करकरीत कार्ड त्यांनी दोन्ही हातांनी मला दिलं.

कच्च्या बटाट्यात एवढं आनंदून जाण्यासारखं काय होतं ते पुढं कळलं. आण्णांचं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, "खरं जेवान असलं की त्येच्यात कायतरी खोट असतीयाच. मीठ कमी, भाकरी करपल्याली, न्हायतर दही आंबाट. खोटं जेवान मातूर कायम झ्याक असतंय." या शास्त्राच्या जोरावर ते थापाड्यांना चुटकीसरशी पकडत. एकदा श्रावणातल्या सोमवारी एकानं गंमत म्हणून "तांबडा-पांढरा" सांगितलं, तर आण्णांनी त्याला हेच आईच्या तोंडावर सांगून मग कामावर यायला फर्मावलं.

आण्णा गडहिंग्लजच्या पलीकडचे, पार सीमेवरच्या गावचे. घरात कानडी, गेटवर मराठी, आणि हजेरीचं घड्याळ अडकलं की दोन्ही. त्यांच्या गावाकडं दोन माणसं भेटली की "कसं काय" म्हणत नाहीत, "ऊट आतेन्री?" म्हणतात, म्हणजे जेवण झालं का. मला वाटलं, आण्णांनी तेच उचलून खिडकीत आणलंय. नवीन पदवीधराला सगळ्याची कारणं लगेच सापडतात.

या चौकशीचे परिणाम घराघरांत पोचले होते. एका कामगाराची बायको एकदा कमरेवर हात ठेवून गेटवर आली. "आण्णा कोन त्ये? आमच्यात शिळी आमटी खाल्ली म्हनून समद्या कंपनीला सांगिटलासा व्हय? आता ह्ये म्हनत्यात, रोज ताजं कर, मला रांगंत लाज वाटती!" आण्णांनी खिडकीतून हात जोडले. "ताई, आमटी शिळीच ग्वाड लागती. मी समद्यास्नी तसंच सांगिटलंय." बाई खूश होऊन गेली.

रांगेतला शेवटचा माणूस मात्र रोज उलट विचारायचा, "आन आण्णा, तुमी काय खाल्लं?" मग आण्णा डोळे मिटायचे. "आज गौरानं एणगाई केल्ती. हिरवी काटेरी वांगी, आत तिळकुटाचा मसाला. संगं कडक भाकरी, वर लोन्याचा गोळा." दुसऱ्या दिवशी अंबाडीची भाजी आणि झुणका. सणाला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. गौरा म्हणजे त्यांच्या पत्नी, कामगारांच्या गौराक्का. त्या पिढीचा माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेतो याचंच मला कौतुक वाटायचं. आमच्या ऑफिसची खिडकी शेजारीच, त्यामुळं सकाळी सात वाजताच माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. रोज वेगळा माणूस शेवटी राहतो हेही मी पाहिलं होतं. मला वाटलं, गड्यांनी उशिरा यायचा आळस पाळीपाळीनं वाटून घेतलाय.

कधी कधी मात्र एखादा माणूस खिडकीशी येऊन नुसतं म्हणायचा, "खाल्लं कायतरी."

हे ऐकलं की आण्णा पुढं काही विचारत नसत. वर धरलेलं कार्ड खाली जायचं, आण्णा भिंतीकडं वळून उगीच खाचा चाचपायचे आणि म्हणायचे, "कार्ड सापडंना बघ तुझं. ये, आत बस जरा."

महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की उशिराच्या कारणांत "कार्ड गहाळ" हे कारण फार दिसतंय. बावीस वर्षं टाइमकीपर असलेला माणूस दर दोन दिवसांनी कार्ड हरवतो म्हणजे काय? मी चोर पकडायच्या थाटात टाइम ऑफिसात घुसलो.

आत एका बाकड्यावर दिनकर पोवार बसला होता. भट्टीतलं वितळलेलं लोखंड साच्यांत ओतणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या, पैलवान गडी. त्याच्यापुढं भुईमुगाच्या शेंगांची बुट्टी होती आणि तो शेंगा फोडत होता. आण्णाही फोडत होते. त्यांच्या मांडीखालून पिवळ्या कार्डाचा कोपरा बाहेर डोकावत होता.

"आण्णा, कार्ड तर—" मी म्हणालो. आण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं खाली बसलो. लगेच माझ्यापुढंही ओंजळभर शेंगा आल्या.

बराच वेळ नुसता टरफलांचा आवाज. मग दिनकर बुट्टीकडं बघतच म्हणाला, "भावानं परड्यात भिंत घातली. सांगून तरी घालायची."

"कवा?"

"रविवारी."

"किती उच्च?"

"छातीएवढी."

"मग वरनं बोलाया येतंय की."

दिनकर हसला, आणि हसता हसता त्या एवढ्या गड्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आण्णांनी वर पाहिलं नाही. फक्त बुट्टी त्याच्याकडं सरकवली. थोड्या वेळानं मांडीखालचं कार्ड काढून म्हणाले, "हे बघ, सापडलं. आज वतायला जाऊ नगंस. वाळू चाळायला जा. फोरमनला मी सांगतो."

तो गेल्यावर आण्णांनी मला समजावलं. "डोकं घरात आन हात भट्टीवर, आसा मानूस आत सोडायचा न्हाय सायेब. त्ये लोखंड हाय, दूध न्हवं. हात शेंगंत गुतलं की त्वांड आपसूक मोकळं हुतंय. फकस्त त्येच्या तोंडाकडं बघायचं न्हाय. बघिटलं की मानूस गप हुतंय."

कॉलेजात दोन वर्षं घालवून मी शिकलो होतो ते जवळपास एवढंच होतं. फक्त त्यात शेंगा नव्हत्या. मी परत टेबलाशी आलो आणि कारणाच्या रकान्यात "कार्ड गहाळ" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. सोललेल्या शेंगदाण्यांचं काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. "गौराला लागत्यात की चटनीला," आण्णा म्हणाले.

कंपनीत तो शब्दच होऊन गेला होता. एखादा गप्प गप्प दिसला की लोक म्हणत, "ह्येचं कार्ड हरवलंय आज."

दोन वर्षांनी जोगळेकर साहेब वर्क्स मॅनेजर होऊन पुण्याहून आले. हुशार माणूस, पण घड्याळाशी लग्न लागलेलं. तिसऱ्या दिवशी ते गेटवर उभे राहून रांगेची वेळ मोजून आले आणि मला बोलावलं.

"कोणी काय खाल्लं याच्याशी प्रॉडक्शनचा काय संबंध? रोज अकरा मिनिटं जातात. हे बंद करा."

मी शेंगा, भट्टी आणि मनाची अवस्था यांचा संबंध जोडून दाखवायचा प्रयत्न केला. त्यांनी हात वर केला. "मी मानसिक आरोग्याच्या विरोधात नाही हो. त्यासाठी शनिवारी पुण्याहून तज्ज्ञ येतायत. तणावमुक्तीचं शिबिर. प्रोजेक्टर घेऊन येणार आहेत."

मेमो मीच टाइप केला. "टाइमकीपर यांनी कामगारांस आहारविषयक प्रश्न विचारू नयेत, तसेच त्यांना टाइम ऑफिसात बसवू नये." सगळं माहीत असून मी तो टाइप केला याची लाज मला आजही वाटते. नोकरी टिकवायची होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

आण्णांनी मेमो दोनदा वाचला, सही केली. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून कार्डं मुकाट्यानं हातात पडू लागली. रांग पाच मिनिटांत संपायची. जोगळेकर साहेब खूश. गेटवर मात्र मयताच्या घरासारखी शांतता. उतरलेल्या चेहऱ्याचा माणूस आला की आण्णांचे ओठ हलायचे, मग ते कार्ड द्यायचे आणि तो भट्टीकडं वळेपर्यंत मान लांब करून बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी एका अनुभवी माणसानं आतला गाभा न बसवताच साचा मिटवला आणि पोकळ निघायचा पंपाचा भाग भरीव निघाला. त्या दिवशी लोखंडावर निभावलं. पुढच्या वेळी कोणाच्या जिवावर बेतेल, हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत होता. मेमोमुळं प्रश्न विचारायची बंदी झाल्यावर शेवटच्या माणसानंही आण्णांना काही विचारलं नाही. साहेब तिथंच उभे असायचे.

चौथ्या दिवशी आण्णाच आले नाहीत. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

पाळी सुटल्यावर मी स्कूटर काढली. दिनकर न विचारता मागं बसला. उचगावात एका खोलीत आण्णा राहत. दार उघडंच होतं. आण्णा भिंतीकडं तोंड करून कॉटवर पडले होते. ताप नव्हता, खोकला नव्हता. स्टोव्हवर भांडं नव्हतं. भिंतीवर ठसठशीत कुंकू लावलेल्या एका बाईंचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार. त्याखाली ओळीनं डबे मांडलेले, तेलाचे, बिस्किटांचे, रंगाचे धुतलेले. एकाचं झाकण निघालं होतं. आत काठोकाठ सोललेले शेंगदाणे.

फोटोवरची नजर काढून मी कॉटच्या कडेला बसलो. मग विचारलं, "आण्णा, काय खाल्लं आज?"

"खाल्लं कायतरी," आण्णा म्हणाले.

दिनकरनं त्यांना चहा करून दिला. निघताना त्यानं ओळीतला एक डबा उचलून काखेत मारला, कोणाला विचारलं नाही.

"गौराक्काला सात वर्सं झाली सायेब," रस्त्याला लागल्यावर तो मागून म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"समद्यास्नी ठावं हाय. म्हनून तर पाळी लावल्याली. रोज एकानं मागं ऱ्हायाचं, त्यास्नी इचारायचं आन पुरतं ऐकून घ्यायचं. सोमवार माझा." मग म्हणाला, "ती हुती तवर आण्णांनी कवा नाव न्हाय घेटलं. 'आमच्या घरात' म्हनायचं. गेल्यापास्नं नाव घ्याया लागलं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षं मी खिडकीतून ऐकत होतो. गौराक्कांच्या हातच्या जेवणात एकदाही मीठ कमी पडलं नव्हतं, एकही भाकरी करपली नव्हती. आण्णांचं शास्त्र मला पाठ होतं आणि ते आण्णांनाच लावून बघायचं मला सुचलं नव्हतं. मी स्कूटर कडेला घेतली. पेट्रोल बघतो म्हणालो आणि टाकीवर वाकून रडलो. दिनकर माझ्याकडं पाठ करून रस्त्यावरच्या ट्रॉल्या बघत उभा राहिला. तेही आण्णांनीच शिकवलं असणार.

शनिवारी, शिबिराच्या दिवशी, दिनकर आण्णांना घेऊनच गेटवर आला. साहेब शिबिराच्या तयारीला कॅन्टीनमध्ये गेले होते आणि खिडकीत मी बसलो होतो.

"आण्णा, तुमचं कार्ड सापडत नाहीये," मी म्हणालो. "बसा आत."

आण्णांनी माझ्या मांडीकडं पाहिलं. "सायेब, मेमो हाय."

"मेमो टाइमकीपरला आहे. मी पर्सोनेलचा. दिनकर, काय खाऊन आलास?"

"कांदाभात!" दिनकर सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला. "खाली लागल्याला!"

आण्णा बाकड्यावर बसले. पुढं शेंगांची बुट्टी होतीच. रांगेतला प्रत्येक जण खिडकीशी येऊन मला उत्तर देत होता, पण मान वाकडी करून आण्णांना ऐकू जाईल असं.

साडेनऊला पुण्याचे तज्ज्ञ आले. सफारी सूट, घामाघूम चेहरा, हातात प्रोजेक्टर. पाहुण्यांचा पास घ्यायला खिडकीशी आले, तर आतून सवयीनं आवाज गेला, "काय खाऊन आलासा पावणं?"

"घेतलं काहीतरी वाटेत," ते म्हणाले.

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी आण्णांकडं पाहिलं. मग पासांचं पुस्तक मांडीखाली सरकवलं. "पासांचं पुस्तक सापडेना सर. आत बसता का जरा?"

तासाभरानं जोगळेकर साहेब तणतणत आले. कॅन्टीनमध्ये सगळे कामगार खोळंबले होते आणि तणावमुक्तीचे तज्ज्ञ गायब. ते टाइम ऑफिसात शिरले तेव्हा तज्ज्ञ बाकड्यावर आण्णांशेजारी बसून शेंगा फोडत होते. "मुलगा बोलतच नाही माझ्याशी. हॉस्टेलला फोन केला की म्हणतो, आईला द्या."

"तुमी काय इचारता फोनवर?" आण्णा बुट्टीकडं बघत म्हणाले.

"अभ्यास कसा चाललाय."

"त्ये नगा इचारू. काय खाल्लं, त्ये इचारा. मेसचं जेवान म्हंजे लई बोलंल बघा."

तज्ज्ञांनी खिशातून डायरी काढून हे लिहून घेतलं. मग दारात उभ्या असलेल्या साहेबांना म्हणाले, "बसा ना जोगळेकर. व्याख्यान करू अर्ध्या तासानं."

"सायेब, तुमी काय खाऊन आलासा?" आण्णांनी विचारलं. मेमो, सही, सगळं विसरून.

जोगळेकर साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाले, "कॉफी."

"निस्ती?"

"नुसती."

घर पुण्यात ठेवून एकटा राहणारा माणूस. आण्णांनी बाकड्यावर सरकून जागा केली आणि ओंजळभर शेंगा पुढं ठेवल्या. साहेब तिथं काय बोलले ते मी सांगणार नाही. कॅन्टीनमध्ये जाऊन लोकांना आणखी थोडा वेळ थांबायला सांगायचं काम मला लागलं होतं.

व्याख्यान झालं, चांगलंही झालं असेल. प्रोजेक्टरचा बल्ब उडाल्यामुळं कोणाला काही दिसलं नाही. तो मेमो कधी रद्द झाला नाही. तो फाइलीतून गहाळ झाला. कागदपत्रं गहाळ व्हायची आमच्याकडं पद्धतच होती.

सोमवारी आण्णा परत खिडकीत होते. दिनकरकडं हट्ट करून मी त्या दिवसाची पाळी मागून घेतली होती, म्हणून रांगेत सगळ्यांच्या मागं उभा राहिलो.

"काय खाऊन आलासा सायेब?"

"उप्पीट. गुठळ्या झालेलं."

आण्णा हसले. कार्ड पुढं केलं, पण मी ते घेतलं नाही.

"आणि आण्णा, तुम्ही?"

मी एणगाईच्या तयारीत होतो. शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं ठरवून आलो होतो. पण आण्णांनी डोळे मिटले नाहीत.

"चटनी-भाकरी," ते म्हणाले. "दिनकरच्या घरनं आल्ती. शेंगदानं माझंच."

"कशी झाली होती चटणी?"

आण्णांनी जरा विचार केला, आणि माझ्या हातात कार्ड ठेवत म्हणाले, "मीठ कमी हुतं."